दीपनगरचा रोजा

दीपनगरच्या बाजारात फुलवाल्या बेबाअक्कांकडे जाऊन तुम्ही गुलाब मागितलात, तर त्या गुलाबच देतील, पण कागदात बांधताना म्हणतील, “हाऊ घ्या तुमना रोजा.” नवीन माणूस गोंधळतो. दोन-तीनदा गुलाब म्हणून पाहतो, तितक्यांदा रोजा ऐकतो आणि मग हार मानून स्वतःच ‘दोन रोजा द्या’ म्हणायला लागतो. वीजकेंद्राच्या या वसाहतीत एक अख्खी पिढी त्या शब्दावर वाढली. शाळेत पोरं चित्राखाली ‘रोजा’ लिहितात आणि नव्या बाई लाल शाईने खोडतात. जुन्या बाई खोडत नाहीत, कारण त्यांच्याही केसांत अक्कांकडचाच रोजा असतो.

मी मृणाली. वसाहतीचं वाचनालय मी सांभाळते. अक्कांची टपरी वाचनालयाच्या दारासमोर आहे. त्यांचं दुकान फुलांचं, माझं शब्दांचं, मध्ये एक गटार. उन्हाळ्यात माझ्याकडे वाचक फिरकत नाहीत आणि त्यांच्याकडे लग्नाची गिऱ्हाइकं मावत नाहीत, म्हणून हार ओवायला मीच गटार ओलांडून जाते. माझी जीभ तिखट आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. अक्का मात्र म्हणतात, “तिखट कोठे शे? आमना दोंडाईचानी मिरची खाई पाह्य.” माहेर दोंडाईच्याचं असल्याचा त्यांना फार अभिमान. भुसावळच्या बाजूला येऊन आयुष्य गेलं, तरी त्यांनी अहिराणी सोडली नाही.

आता हा रोजा आला कुठून, ते सांगते. अक्कांच्या नवऱ्याचं नाव गुलाब.

झालं, एवढंच. खान्देशात गुलाब नावाचे पुरुष पुष्कळ, त्यात नवल नाही. नवल हे की हा गुलाब वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होता आणि संध्याकाळी घरी यायचा तो नखशिखांत काळा होऊन. आणि त्याची बायको फुलं विकायची. आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मोतीलाल किंवा सुकलाल नावाचा नवरा मिळाला असता, तर तिचा धंदा बिनघोर चालला असता. फुलवालीलाच देवाने गुलाब द्यावा म्हणजे कमाल झाली.

मला या प्रथेचा मुळात राग आहे. आमच्या घरी, म्हणजे माहेरीही आणि सासरीही, असलं काही नव्हतं. माझी आई माझ्या वडिलांना नावाने हाक मारायची. मी नवऱ्याला प्रशील म्हणते आणि संतापले तर त्यापुढचंही बरंच म्हणते. तो वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात बसतो, त्याला घंटा ऐकायची सवय आहे. म्हणून पहिल्यांदा अक्कांचं ‘रोजा’ ऐकलं आणि कारण कळलं, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “अक्का, नाव घेतल्याने माणूस मरत असता तर सरकारी कार्यालयातली निम्मी माणसं हजेरीलाच संपली असती,” असं मी फटकन बोलले.

त्या हसल्या नाहीत. सुईवर फूल ओवत म्हणाल्या, “तुले सांगस, ताई. मंग हसजो.”

लग्न होऊन अक्का नुकत्या सासरी आल्या होत्या. सासू यशोदाबाई शिस्तीच्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव झिपरू, म्हणून त्या नातवंडांच्या झिपऱ्यांनाही झिपऱ्या म्हणायच्या नाहीत, ‘डोकाना रान’ म्हणायच्या. सुनेलाही तोच नियम. एके दिवशी बाजारात वेणी घेताना सुनेच्या तोंडून पटकन निघून गेलं, “गुलाब कसे दिधात?” सासू शेजारीच उभी. संध्याकाळी निरोप आला की गुलाब पट्ट्याच्या शिडीवरून पडला. पाय मोडला. पाय जुळला, पण वाकडा जुळला. तो शेवटपर्यंत फरफटतच चालला. यशोदाबाईंनी सुनेवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाल्या, “आज पाय गया. परत नाव लिधं तं काय जाई, मी नही सांगाव.”

त्या न सांगितलेल्या वाक्याने अक्कांना जन्मभर धाकात ठेवलं.

बायकांना उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची मोकळीक असते, ती वाटही अक्कांनी बंद केली. मग नावाच्या आसपासचं सगळंच ओसाड झालं. गुलकंद नाही. गुलछडी नाही. गुलमोहराला ‘ते लाल झाड’. गुलाबजाम म्हणजे पाकातला गोळा, ‘पाकातला गोया’. गुलाबी रंगाला ‘पोरीस्ना रंग’. गणपतीत गुलाल उधळला तर ‘ती लाल भुकटी’. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. जुलाब हा शब्दही जवळचा वाटतो म्हणून तोही बंद! एकदा सोनलचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, पोट बिघडलं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय होतंय? अक्का म्हणतात, “पोट धावस.” डॉक्टर म्हणतात, कुठे धावतं? या प्रकारात पोर तिथेच धावली.

गुलाबभाऊंना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. माणूस मोठा मिश्कील. अक्का बोलता बोलता ‘गु’वर अडखळल्या की ते डोळे मिचकावून म्हणायचे, “मायले सांगसू!” म्हणजे आईला सांगीन. यशोदाबाई वारल्या, सोनलचं एरंडोलला लग्न झालं, भाऊ निवृत्त होऊन टपरीवर दोरा गुंडाळत बसायला लागले, तरी ते चालूच. अक्का ‘गु’ करून थांबल्या, की टपरीच्या मागून आवाज आलाच, “मायले सांगसू!” आणि अक्का हातातली शेवंती फेकून मारायच्या.

रोजा हा शब्द दिला एका तमिळ बाईने. वीजकेंद्राच्या नव्या भागाच्या बांधकामावर तिचा नवरा आला होता. तिने टपरीवर येऊन फुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “रोजा.” अक्का सांगतात, त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या बाईला ते फूल फुकट दिलं. “ताई, तोंडले लायेल कुलूप निंघनं,” असं त्या मला म्हणाल्या. कुणाचंच नाव नसलेलं नाव! दुसऱ्याच दिवसापासून टपरीवर रोजा सुरू झाला. पुढच्या संक्रांतीला तर अक्कांनी चारचौघींत उखाणाही घेतला: ‘दोंडाईच्याची मिरची, जळगावची केळी, रोजाचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी.’ बायका हसून हसून लोळल्या. मग घरीही, मर्जी खूश असली की अक्का नवऱ्याला हाक मारायच्या, “ओ रोजा! च्या पी ल्या!” आणि तो काळाकुट्ट माणूस राजासारखा लंगडत यायचा.

तेव्हापासून अक्कांना नादच लागला. परक्या मुलखातलं गिऱ्हाईक दिसलं, की फूल समोर धरून विचारायचं, “तुमनाकडे ह्या फूलले काय म्हनतस?” कीर्तनकार बुवांनी शतपत्री सांगितलं. उर्दू शाळेच्या मास्तरांना त्यांनी रोजा दाखवला, तर ते म्हणाले, “अक्का, आमचा रोजा वेगळा, तो उपाशीपोटी असतो. अरबीत याला वर्द म्हणतात.” वर्दही शब्दांच्या साठ्यात जमा झाला. बंगाली अधिकाऱ्याच्या बायकोने गोलाप सांगितल्यावर मात्र अक्कांनी कानांवर हात ठेवले. “नको माय, हाऊ तं त्यास्ना सख्खा भाऊ दिखस.”

हे शब्द त्या मला आणून देत आणि मी त्यांचे अर्थ शोधत बसे. सुरुवातीला खोडी म्हणून. मग मात्र मीच अडकले. तोवर मला वाटायचं शब्द म्हणजे वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी. गुलाबाच्या वाटेने गेले आणि चकितच होत गेले.

गुलाब हे मुळात फुलाचं नावच नाही! फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, आपण लग्नात शिंपडतो ते. आपल्या लोकांनी आधी पाणी पाहिलं असेल, कुप्यांतून आलेलं, आणि मग फुलालाच पाण्याचं नाव देऊन टाकलं. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या किती तरी वेळ हातातल्या फुलाकडे बघत राहिल्या. त्यांना कोळशाने काळा झालेला, मोरीत बसून पाणी अंगावर घेणारा नवरा आठवला असावा, कारण त्या म्हणाल्या, “पानी टाकं का मंगच त्यास्नं तोंड दिखे.”

आणि तो जुलाब! माझी तर हसून मुरकुंडी वळली होती त्यावर. पण शब्दकोश काढून पाहते तर काय, तोच शब्द. गुलाब अरबांकडे गेला, त्यांच्या तोंडी ग बसेना, त्याचा जुलाब झाला. तिकडे तो गोड सरबत होता. हकीम त्या सरबतातून कडू औषधं द्यायचे, आणि आपल्यापर्यंत परत पोचेपर्यंत तो पोट साफ करणारा होऊन आला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने केवळ धाकापोटी जो शब्द टाळला, तो खरोखरच तिच्या नवऱ्याचा दूरचा नातलग निघाला. धाकालाही असं नाक असतं, हे मला माहीत नव्हतं.

मग गेल्या पावसाळ्यात मला पुढचं सापडलं. जाणकार म्हणतात की फार फार जुन्या काळी इराणकडच्या मुलखात या फुलाला एक नाव होतं, वर्दसारखं काहीतरी. ते नाव अरबांनी घेतलं, तो वर्द झाला. ग्रीकांनी घेतलं, तो ऱ्होदोन झाला. तोच पुढे रोमच्या लोकांकडे रोसा झाला असावा, आणि रोसा जहाजांत बसून आपल्या दक्षिणेला उतरला, तो तमिळ बाईचा रोजा. हे झालं बाहेर गेलेल्यांचं. जे नाव घरीच राहिलं ते त्याच इराणमध्ये तोंडोतोंडी झिजत झिजत काय झालं? गुल. आपल्या गुलाबातला गुल.

मी पुस्तक मिटलं. रोजा, वर्द, गुल, सगळा एकच शब्द. हजारो वर्षं, वाळवंटं, समुद्र, राजे आले आणि गेले, आणि एक फुलाचं नाव माणसांच्या तोंडांतून चालत राहिलं. ते चालत चालत दीपनगरच्या गटाराकाठी येऊन पोचलं होतं, तेही दोन वाटांनी. माणूस काखेत कळसा असताना तो शोधायला गावाला वळसा घालतो म्हणतात. अक्का कळशापासून पळायला जगाला वळसा घालत होत्या, आणि कळसा काखेतच.

सांगायला धावतच निघाले होते. प्रशील जेवत होता, त्याने हात धरून बसवलं. म्हणाला, “अक्कांना काय सांगणार आहेस? की तुम्ही रोज भाऊंचं नावच घेत होतात? उद्यापासून त्या रोजाही टाकतील. मग भाऊंना हाक कशाने मारतील?” त्याचं खरं होतं. आमच्या घरात हे फार वेळा घडत नाही, म्हणून नोंदवून ठेवते. मी जिभेवर दगड ठेवला.

थंडीत एका सकाळी टपरीवर दोरा गुंडाळता गुंडाळता गुलाबभाऊंच्या हातातून रीळ घरंगळलं. ते उचलायला वाकले नाहीत. अक्का म्हणाल्या, “काय झायं हो?” तर तोंड एका बाजूला ओढलेलं. प्रशीलने गाडी काढली आणि आम्ही त्यांना जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरांनी करायचं ते केलं. जीव वाचला, पण भाऊ डोळे उघडेनात. दिवस जात राहिले. श्वास चालू, नाडी चालू, माणूस मात्र कुठेतरी आत जाऊन बसलेला. डॉक्टर म्हणाले, “आता आमच्याइतकंच तुमचंही काम आहे. हाक मारत राहा. त्यांचं स्वतःचं नाव, ओळखीच्या आवाजात. त्याला माणूस लवकर प्रतिसाद देतो.”

मग काय, सगळ्यांनी हाका मारल्या. पट्ट्यावरचे जुने सोबती आले, “गुलाबभाऊ, ओ गुलाबभाऊ!” पुतणे आले, “गुलाबनाना!” सोनल एरंडोलहून आली ती बापाच्या उशाशी बसून रडत रडत हाका मारत राहिली. पापणी हलली नाही.

अक्का पायथ्याशी बसून होत्या. केरळची एक सिस्टर होती, मोठी मायाळू पोर. तिने एकदा शेजारच्या पेशंटला आलेल्या गुच्छातला एक गुलाब आणून अक्कांच्या हातात दिला. आणि अक्कांनी, त्या तसल्या अवस्थेतही, सवयीने विचारलं, “बेटा, तुमनाकडे याले काय म्हनतस?” सिस्टर म्हणाली, “पनिनीर-पूव. पनिनीर म्हणजे थंड पाणी, सेंटवालं. पाण्याचं फूल.” मी दारात उभी राहून ऐकत होते. इतक्या लांबच्या, वेगळ्याच घराण्याच्या भाषेनेही या फुलाला पाण्यावरूनच ओळखावं! अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच आठवलं होतं. तेवढ्यापुरतं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि विझलं.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आले. “बायकोने हाक मारली का?” त्यांनी विचारलं. सोनलने आईकडे पाहिलं. “नावाने मारा. तुमचाच आवाज राहिलाय.” अक्कांनी मान हलवली. नाही. डॉक्टर वैतागले. मीही वैतागले, लपवत कशाला. सोनल आईच्या पाया पडली, “आई, एक डाव ले ना वं नाव.”

अक्का उठल्या. इतक्या मोठ्याने त्या कधी बोलल्या नव्हत्या. “एक डाव लिधं, पाय गया. आते काय बाकी शे त्यास्कडे? एक जीवच तं शे! तोबी मीच खाऊ का?” आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. मला भांडायचं होतं. अंधश्रद्धा, अडाणीपणा, सगळी भाषणं ओठांवर होती. पण त्या बाकावर पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या आणि त्या रडण्यापुढे माझं एकही भाषण उभं राहीना. ही बाई हट्ट करत नव्हती. तिला जे खरं वाटत होतं त्याच्या बळावर ती नवऱ्याचा जीव दोन्ही हातांनी धरून बसली होती. मग माझ्याजवळ द्यायला जे होतं ते मी दिलं. म्हणाले, “अक्का, रोजा, वर्द आणि भाऊंच्या नावातला गुल, हे तीन शब्द नाहीत. एकच आहे.”

मी सगळं सांगितलं. इराण, अरब, ग्रीक, जहाजं. त्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि मला कळलं की मी काय करून बसले.

“म्हनजे,” त्या पुटपुटल्या, “मी त्यास्नं नाव लेतच व्हतू? रोज? टपरीवर? म्हनीसन हाई झायं? मना मुये?”

प्रशीलचा धरलेला हात आठवला. म्हटलं, बाई ग, उचलली जीभ लावली टाळ्याला, आता ही बाई जन्मभर हे ओझं वाहणार. आणि आत तो माणूस गेलाच तर? मला एकही शब्द सुचेना. शब्दांचं दुकान चालवणाऱ्या बाईला!

अक्का मात्र विचार करत होत्या. बोटांत सिस्टरने दिलेला गुलाब फिरवत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ती मद्रासी बाई कव्हय उनी व्हती?”

“मी काय सांगू अक्का, मी तेव्हा शाळेत असेन.”

“सोनल मना पोटमा व्हती,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मंग तव्हयपासून मी रोजा म्हनस.” आणि मग त्या एकेक आठवायला लागल्या. पट्टा तुटला होता आणि खालची माणसं जखमी झाली होती, तेव्हा भाऊ नेमके चहाला बाहेर आले होते. भाऊंना हिवताप झाला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि ते उठून बसले होते. सोनलच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी उलटली, आणि हे मांडवात शर्ट झटकत हजर. प्रत्येक आठवणीनंतर त्या थांबत आणि माझ्याकडे पाहत. “तव्हयबी मी नाव लेतच व्हतू ना वं?”

“घेत होतात.”

“दिवसमा धा डाव.”

“जास्तच असेल.”

“आनि तो जगना.” त्यांनी हे असं म्हटलं, जणू कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच ही बातमी दिली होती. “इतला जगना! कोयसा खाईसन जगना, ताप खाईसन जगना. नाव जर आयुष्य खातं, तं हाऊ मानूस कव्हयच सरी गयता.” त्या उभ्या राहिल्या. डोळे भरलेलेच होते, पण पाहणं बदललं होतं. “ताई, नाव मानूसले खात नही वं. मनी सासूले माहीत नव्हतं. तिले कोन सांगाव व्हतं? तिबी भ्यायेलच व्हती.”

सासूला एका वाक्यात माफ करून टाकलं त्या बाईने. मला आजही ते जमलेलं नाही, आणि ती माझी सासूही नव्हती.

आम्ही आत गेलो. सोनल बाजूला सरकली. सिस्टर सलाईन बदलत होती, ती थांबली. अक्कांनी नवऱ्याचा चांगला हात आपल्या हातात घेतला. पदर डोक्यावर नीट केला, नवी सून पाटावर बसताना करते तसा. ओठ हलले, पण आवाज येईना. त्या शब्दाला तोंडातून जायची वाटच माहीत नव्हती. पहिल्यांदा आला तो नुसता ‘गु’. आणि त्या थांबल्या. सवयीने थांबल्या.

मी पाहत होते की जो शब्द इराणमधून निघाला, ज्याला राजांनी अत्तराच्या कुप्यांत भरलं, जो समुद्रावरून आला आणि वाळवंटावरून आला, तो इथे एका बाईच्या ओठांशी येऊन उभा होता आणि त्याला शेवटची वीतभर वाट उरली होती.

“गुलाब,” अक्का म्हणाल्या.

मग एकदम मोठ्याने, शेतातून हाक मारावी तशी, “गुलाब! ओ गुलाब! डोया उघाडा! मी हाक मारी राहिनू!” सोनल हुंदका देऊन भिंतीला टेकली. तिने आपल्या बापाचं नाव आईच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

भाऊंची पापणी हलली. सिस्टर वाकली. पापणी परत हलली आणि एक डोळा अर्धा उघडला. तो छताकडे गेला, भिंतीकडे गेला आणि फिरत फिरत अक्कांवर येऊन थांबला. वाकडे झालेले ओठ काहीतरी जुळवायला लागले. घशातून घरघर आली. अक्कांनी कान जवळ नेला, आम्ही सगळेच वाकलो.

“माय...” भाऊ म्हणाले. मग, ओढून आणल्यासारखं, “मायले... सांगसू.”

सोनल हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाली. मी, जिची जीभ कधी थांबत नाही, ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्याच्याने पाहवेना.

अक्कांनी हातातला गुलाब नवऱ्याच्या छातीवर ठेवला आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “जरूर सांगा. पन सवकाशमा जाईसन सांगा. मायले काही घाई नही.”